काकाजींचे तीन सवाल

पांढुर्ण्यात येणाऱ्या तारखा आधीपासून ठाऊक असलेले दोघंच होते. एक भिंतीवरचं पंचांग आणि दुसरे आमचे काकाजी. त्यातलं पंचांग अधिक महिना आला की गोंधळून जायचं. काकाजी कधी गोंधळले नाहीत. अर्ध्या गावातल्या बायांची पाळी कोणत्या दिवशी येणार, हे त्या माणसाला तोंडपाठ होतं. आणि तरीही त्या अर्ध्या गावातल्या एकाही नवऱ्यानं त्यांच्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. असा दुसरा पुरुष मी पाहिला नाही. आणि मी पुरुष पुष्कळ पाहिलेत. माझं दुकान मनिहारीचं, बांगड्या-टिकल्या-रिबिनींचं. बाहेर स्कूटरवर खोळंबलेले नवरे दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतात.

काकाजींचं खरं नाव मधुकरराव. पण ते फक्त मेडिकल स्टोअरच्या लायसनवर, काचेच्या फ्रेममध्ये होतं. बाकी सगळ्यांना ते काकाजी. त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी म्हातारी माणसंसुद्धा त्यांना काकाजीच म्हणायची. उंची अशी की वरच्या फळीवरचं औषध काढायला शिडी लागायची, आणि शिडीवर चढून ते खाली उतरेपर्यंत खोकल्याचं गिऱ्हाईक बरं होऊन घरी गेलेलं असायचं. पांढरा फुलबाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटण लावलेला. आमच्याकडचा मे महिना म्हणजे रस्त्यावर ठेवलेल्या अंड्यातून थेट शिजलेली कोंबडी निघावी असा. त्या मे महिन्यातही ते वरचं बटण कधी उघडलं नाही.

त्यांची एक सवय मला फार आवडायची. दुसरे औषधवाले गोळ्यांच्या पट्टीचा तुकडा कापून देतात आणि नाव छापलेला भाग स्वतःकडे ठेवतात. काकाजी उलटं करायचे. नाव आणि मुदत लिहिलेला तुकडा गिऱ्हाईकाला, बिननावाचा उरलेला स्वतःला. आता हा बिननावाचा तुकडा ओळखायचा कसा? म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून बारीक अक्षरात नाव लिहीत बसायचे. मी म्हणायचो, "काकाजी, कायले इतका ताप करून घेता?"

"अबे, घरात कोनी पावना आला तर त्याचं नावगाव पुसतो ना आपन? मंग पोटात चाललेल्या गोळीचं नको का माहीत?"

माझं दुकान आणि त्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीत एक हातभर खिडकी. माझे वडील सांगायचे की दोन्ही दुकानं आधी दोन सख्ख्या भावांची होती. भाऊ भांडले, भिंत घातली. पण जावाजावांचं भांडण नव्हतं, त्यांनी गवंड्याला चहा पाजून खिडकी ठेवून घेतली. खरंखोटं वडील जाणे. त्या खिडकीवर माझं दुकान चाललं, हे मात्र शंभर टक्के खरं. कारण बायांना मेडिकलच्या पायऱ्या चढायची लाज वाटायची, बांगड्यांच्या दुकानाची नाही. माझ्या बाकावर बसायचं, एक डझन हिरव्या भरून घ्यायच्या, आणि भरता भरता मान वळवून खिडकीत पुटपुटायचं. पोळ्यापासून महालक्ष्म्यांपर्यंत तर असा पूर लोटायचा की फिरोजाबादच्या बांगड्यांच्या भट्ट्या माझ्याच जोरावर पेटत होत्या असं म्हणायला हरकत नाही.

पुटपुटणं बहुतेक एकाच गोळीसाठी असायचं. तिचं नाव नोरेथिस्टेरॉन. बाया तिला नावानं हाक मारत नसत. 'ती पुढं ढकलायची' म्हटलं की कळायचं. घरी महालक्ष्म्या बसणार, भावाचं लग्न, सत्यनारायण, आणि पाळी नेमकी त्याच दिवशी. मग तारखेच्या तीन दिवस आधीपासून गोळी सुरू करायची, सण उरकला की बंद करायची.

"पन ते थांबते कसं, काकाजी?" एकदा एका शिक्षिकेनं खिडकीतून विचारलं. मी तिच्या मनगटावर बांगडी चढवत होतो, तो तसाच थांबलो, कारण मलाही तेच विचारायचं होतं.

काकाजी खूश झाले. त्यांना कुणी 'कसं' विचारलं की ते नागपुरातल्या फार्मसी कॉलेजच्या पहिल्या बाकावर परत जाऊन बसायचे. "बहुरूपी पाह्यला ना? पोलिसाचा डरेस घालून येते, आन आपन खरा पोलीस समजून उभे राहतो. तशी गोष्ट आहे. बाईच्या शरीरात एक हार्मोन असते. ते आहे तोवर गर्भाची पिशवी आपलं अस्तर धरून ठेवते. ते कमी झालं की अस्तर सुटते, पाळी येते. ही गोळी म्हनजे कारखान्यात सजवलेला त्या हार्मोनचा बहुरूपी. शरीर म्हनते, साहेब अजून खुर्चीवर आहेत, थांबा. गोळी बंद केली, बहुरूपी डरेस उतरवून गेला, दोन-तीन दिवसांत शरीराले कळते."

"म्हणजे शरीराले फसवून राहिलो आपन?"

"हाव. म्हनून तर त्याची माफी मागून फसवावं. आन घडी घडी फसवू नाई."

गोळीला चिठ्ठी लागते. चिठ्ठीशिवाय ती विकणारे आमच्या मुलखात कमी नाहीत, काकाजी त्यातले नव्हते. चिठ्ठी नसली की सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचे. चिठ्ठी असली तरी गोळीच्या आधी तीन सवाल यायचे, दरवेळी त्याच क्रमानं, कुठलीही बाई असो. मागची तारीख कोणती? पोटरी दुखते का, एकच पाय सुजते का? आणि तुझ्या मायला, बहिणीला कधी पायाच्या नसेत रक्ताची गाठ झाली होती का?

"डॉक्टरीणबाईनं विचारलं ना हे सगळं!" बाया वैतागायच्या.

"तिनं विचारलं, मीबी विचारतो. दोनदा विचारल्यानं गोळी कडू होत नाई."

एकदा मीच म्हटलं, "काकाजी, इतक्या वर्षांत कोणाला काही झालं का? कशाला भेव घालता बायांना?" काकाजींनी कात्री खाली ठेवली. म्हणाले, "हे औषध एखादीच्या रक्ताले गोठायची सवय लावते. सगळ्याईले नाई, एखादीलेच. पन ती एखादी माह्याच खिडकीतून गेली तर?"

पहिल्या सवालानं कितीतरी गमती केल्या. एकदा जवळच्या खेड्यातली नवी सून नणंदेला घेऊन आली. सुनेनं चिठ्ठी दिली. काकाजींनी विचारलं, "मागची तारीख?"

"आखाडीच्या आसपास, जी."

काकाजींनी बोटांवर मोजलं, मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं. आखाडी, म्हणजे आषाढातली पौर्णिमा, होऊन दीड महिना उलटला होता. "डॉक्टरीणबाईले काय सांगतलं तू?"

"मागच्या महिन्यातली म्हनून सांगतलं. शरम वाटली."

"बाई, तुही तारीख पुढं ढकलाले ती आहे कोठी? ती तर कवाचीच रुसून बसली." पोरीला कळेना. नणंदेला कळलं. तिनं माझ्या दुकानात असा चीत्कार केला की आरशाला तडा गेला. तो तडा आजही आहे, कुणालाही दाखवतो. गोळी त्या दिवशी विकली गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पेढे आले. त्या मुलीचं पाळण्यातलं नाव काहीतरी छान आहे, पण घरात तिला अजूनही 'गोळी' म्हणतात.

आणि ही गोळी नुसती सणवारांची आहे असा कुणी समज करून घेतला की काकाजींना राग यायचा. लोधीखेड्याची एक बाई बाजारच्या दिवशी आली होती, कापूस वेचायला जाणारी. ताकदीचं टॉनिक मागत होती. चेहरा खडूसारखा. काकाजींनी हळूहळू काढून घेतलं: वीस दिवसांपासून रक्त थांबत नव्हतं, आणि ती ते कुणालाच सांगत नव्हती, वेचणीची मजुरी बुडेल म्हणून. काकाजींनी दुकान माझ्या हवाली केलं, मी कुणाला डोकेदुखीवर पोटदुखीची गोळी दिली असेल तर देव मला क्षमा करो, आणि स्वतः तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासून तीच गोळी दिली. चार दिवसांत रक्त थांबलं. पुढं नागपूरला तपासण्या झाल्या, इलाज झाला. बाई परत आली ती खिडकीला हळदीकुंकू लावून गेली. "देवीची गोळी आहे जी हे."

"देवीची नाई, बाई. तुह्यासारखीसाठीच बनली हे. सनवार मंग आले."

काकाजी बोलायचे तेव्हा कुणाची भीडभाड ठेवायचे नाहीत. एका साली एक सासू सुनेला हाताला धरूनच घेऊन आली. सुनेची एक पोटरी सुजलेली. काकाजींनी गोळी द्यायला साफ नकार दिला आणि आधी डॉक्टरला पाय दाखवा म्हटलं. सासू खिडकीत तोंड घालून ओरडली, "अन महालक्ष्म्यांले विटाळ झाला तर? तुमी घ्यान का पाप डोक्यावर?"

काकाजी शांतपणे म्हणाले, "बाई, तीन दिवसांमागं गोटमार झाली. जाम नदीवर गावातल्या पोट्ट्याईनं एकमेकांवर गोटे फेकून डोके फोडून घेतले. माह्या दुकानातल्या पट्ट्या दुपारपर्यंत संपल्या. रक्तानं भिजलेले पोट्टे चंडीच्या देवळात गेले, माथा टेकला. देवी काई बोलली का?"

"ते तर वीराचं रक्त!"

"आन हे रक्त नाई आलं तर वीर कोठून येतेत, सांग ना मले."

मी बांगड्यांचा डबा आवरत होतो, हातातून अर्धा डझन निसटल्या. सासू तणतणत निघून गेली. सून मात्र जाताना मागे वळून पाहत होती. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा तिला डॉक्टरकडे नेताना दिसला. पायाला फक्त किड्यामुंगीचा दंश निघाला. काकाजींना ते कळलं तेव्हा ते लहान पोरासारखे हसले.

पण हेच काकाजी घरात मुके होते. दुकानापासून घर चाळीस पावलं, आणि त्या चाळीस पावलांत त्यांचा आवाज कुठेतरी गळून पडायचा. घरात राज्य शांताकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. शांताकाकूंच्या सोवळ्याला अशी धार होती की माशीसुद्धा आंघोळ करून आत यायची. त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या म्हणजे गावात मान. पाळीतली बाई तीन दिवस मागच्या खोलीत, हे तिथं कुणी बोलतही नसे, इतकं ते गृहीत होतं. काकाजींनी यावर घरात एकदाही तोंड उघडलं नाही. मी एकदा खोडी काढली, "काकाजी, ते वीराचं रक्त काकूंना सांगितलं का?"

"लहान तोंडी मोठा घास घेऊन राहिला तू," ते म्हणाले, आणि पट्टीवर नाव लिहायला लागले. कान मात्र लाल झाले होते.

त्यांची सून रोहिणी, माहेर रामाकोना. मुलगा चाकरीला इंदूरला. रोहिणी सौंसरच्या एका शाळेत शिकवायची, म्हणून सासू-सासऱ्यांजवळ राहायची. रोज पांढुर्णा-सौंसर बस, कधी बसून, बहुतेक उभी. हसरी, चटपटीत पोरगी. काकाजींना मामाजी म्हणायची, आणि 'मामाजी, चहा' या दोन शब्दांपलीकडे दोघांत फार बोलणं होत नसे. आमच्याकडे सून सासऱ्याशी इतकंच बोलते.

आता काकाजींच्या हातून झालेली एक चूक सांगतो.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे जेवणाच्या दिवशी, मी काकाजींकडे जेवायला होतो. माझ्या पाचव्या पुरणपोळीची वेळ होती. बायको म्हणते आठव्या, पण ती मोजत नव्हती. समोर काकाजी बसलेले. वर फुलोरा टांगलेला, करंज्या-पुऱ्यांचा. दुपार ऐन भरात, घर माणसांनी गजबजलेलं. रोहिणी आंबील वाढत होती. भांडं उचलताना तिनं ओठ दाबला आणि डावा पाय किंचित ओढला. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. काकाजींचा घास तोंडापाशी थांबला.

"रोहिणी, थांब बरं. पाय दुखते का?"

"नाई मामाजी. बसमध्ये उभी होती, भरून आला."

"एकच?"

रोहिणीनं मान डोलावली.

"कोनता?"

"डावा."

"कवापासून?"

"परवापासून."

मला वाटतं, त्या वेळीच काकाजींना सगळं कळलं. पण त्यांनी तो सवाल विचारलाच, तीस जेवणाऱ्या माणसांसमोर, देवीसमोर. "तुही तारीख कोनती होती?"

पंगतीतले हात थांबले. शांताकाकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अहो! देवीपुढं काय बोलून राहिले जी तुमी!"

"देवीले ठाऊक आहे, शांता. मलेच ठाऊक नाई."

रोहिणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. भांडं तिनं खाली ठेवलं. "गोळ्या घेतल्या, मामाजी. सौंसरवरून आनल्या."

"कितीखेप?"

"भावाच्या लग्नापासून. मंग सत्यनारायन, मंग मंगळागौर... हे चौथी खेप. या वेळेस भरवसा नव्हता म्हनून पंधरा दिवसांपासूनच घेऊन राहिली."

"तुह्या मायले... पायाले कधी?"

"माह्या वेळेस. मी झाली तवा मायचा पाय सुजला होता. नागपूरले नेलं होतं."

काकाजी उष्ट्या हातानं उठले. चार महिने ती गोळी त्यांच्याच घरात येत होती, दुसऱ्या गावाहून, चिठ्ठीशिवाय. सासऱ्याच्या खिडकीत सून कशी येणार? गावातल्या सगळ्या बायांना विचारलेले तीन सवाल चाळीस पावलांवर कुणी विचारलेच नव्हते.

"तुही गाडी कोठी आहे?" त्यांनी मला विचारलं. माझी व्हॅन दाराशीच होती.

शांताकाकूंच्या अंगावर सोवळ्याचं लुगडं. दोन दिवसांपासून उपास, तिसऱ्या दिवशी देवीला निरोप द्यायचा. त्यांनी नवऱ्याला एकच विचारलं, "कितीक धोका आहे?"

"गाठ पायात आहे तोवर पायाचं दुखनं आहे. तिथून सुटली तर छातीत जाते. मंग माह्या हातात काई नाई."

काकू वळल्या. दोन्ही महालक्ष्म्यांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, अगदी शेजारणीशी बोलावं तसं, "माय, जेवून घ्या तुमी. वाढाले बाया आहेत. मले माह्या पोरीसंग जाऊ द्या." आणि अनवाणी, सोवळ्यातच, माझ्या व्हॅनमध्ये येऊन बसल्या. त्या व्हॅनमध्ये तोवर कोणकोणत्या जातीधर्माच्या माणसांनी काय काय खाल्लं होतं, ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

रोहिणीला मागच्या सीटवर निजवलं, पाय उशीवर. निघून दोन मिनिटं झाली नसतील, काकूंनी तिची पोटरी हातात घेतली आणि तेल लावल्यासारखी चोळायला सुरुवात केली. आईचा हात तो, पाय दुखला की आपोआप जातो.

"हात काढ!" काकाजी ओरडले. माझ्या हातून स्टीअरिंग सुटता सुटता राहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोवर ते पहिल्यांदा ओरडत होते. "चोळू नको, शांता! चोळल्यानंच सुटते ते!"

काकूंनी हात असा काढला जणू निखारा होता. मग तो हात ठेवायचा कुठे हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो रोहिणीच्या केसांवर ठेवला आणि नागपूरच्या वाटेवरचं सावनेर येईपर्यंत तिथंच राहू दिला.

व्हॅन मी अशी हाकली की मागचा ट्रक अजून तिथंच शोधत असेल. काकाजी पुढे बसलेले. रस्त्याकडे पाहत एवढंच बोलत होते, "सगळ्या गावाले विचारलं मी. सगळ्या गावाले."

नागपुरात सोनोग्राफी झाली. पोटरीपासून मांडीपर्यंत नसेत गाठ. पोटावर इंजेक्शनं सुरू झाली, रक्त पातळ करणारी. पहिले दोन दिवस कुणी नीट काही सांगत नव्हतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गाठ जागची हलली नाही, आता भीती कमी. मग विचारलं, "वेळेवर ओळखलं कुणी?"

काकाजी म्हणाले, "ज्यानं उशीर केला त्यानंच."

डॉक्टरांनी हेही बजावलं की ही गोळी, आणि तिच्या नात्यातल्या सगळ्या, रोहिणीनं जन्मात परत घ्यायच्या नाहीत. त्या संध्याकाळी काकूंनी विचारलं, "मले सांगाले काय झालं होतं वं तुले?"

रोहिणी छताकडे पाहत म्हणाली, "तुमीच म्हनत होत्या आई, शिकलेली सून असंल तर सनाची तारीख सांभाळते."

काकू डब्यातली खिचडी चमच्यानं फोडत बसल्या, फोडून झाली तरी फोडत.

गावी परतल्यावर लोकांना वाटलं, आता काकाजी ती गोळी दुकानातूनच हद्दपार करणार. तसं काही झालं नाही. "गोळीचा काय कसूर? लोधीखेड्याच्या बाईले विचारा." पण एक सुतार बोलावला आणि आमची ती खिडकी फळ्या ठोकून बंद केली. मी म्हटलं, "काकाजी, माझ्या पोटावर पाय देऊन राहिले तुमी."

"ज्यांना यायचं ते समोरून येतीन," ते म्हणाले. दुकानात एक बाक टाकला. रोहिणी बरी झाल्यावर दर रविवारी काउंटरमागे बसायला लागली, आणि बायांना सवाल तीच विचारायची. पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी एक आली. दिवाळीपर्यंत त्या बाकावर माझ्या बाकापेक्षा जास्त गर्दी दिसायला लागली, आणि हसण्याचे आवाज माझ्या दुकानापर्यंत यायला लागले. तिथं काय बोलणं चालतं हे मला ऐकू येईना, यासारखं दुःख मला त्या साली दुसरं नव्हतं.

घरातही फरक पडला. जेवताना रोहिणी सांगायची, "मामाजी, अठ्ठावीसले आहे," जसं कुणी दुधाचा हिशोब सांगावा. काकाजी मान हलवायचे. काकू भाकरी थापत राहायच्या. थांबवायच्या नाहीत.

पुढच्या वर्षीच्या कार्तिकात काकाजी गेले. दुकान बंद करून घरी आले, पाणी मागितलं, आणि रोहिणी तांब्या घेऊन येईपर्यंत आटोपलं होतं. गावात इतक्या बाया रडताना मी पाहिल्या की जाम नदीला अवेळी पाणी चढलं असावं. पण मला आठवतात ते काकाजी त्याच्या दोन महिने आधीचे.

त्या साली महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी सकाळीच रोहिणीची पाळी आली. पुढे ढकलायला गोळी नव्हती, आणि कधीच असणार नव्हती. तिनं ते सासूला सांगितलं आणि आपण होऊन मागच्या खोलीत जाऊन बसली. मी पोचलो तेव्हा सवाष्णींचे पाय धुवायचे होते, पाट मांडलेले होते, आणि शांताकाकू उंबऱ्यात उभ्या होत्या, किती वेळ कुणास ठाऊक. मग त्या आत गेल्या आणि रोहिणीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आल्या. पहिल्या पाटावर बसवलं.

शेजारची म्हातारी काकूंच्या कानाशी लागली, पण तिचं कानाशी लागणं पेठेपर्यंत ऐकू जायचं. "अवं शांते, हिचं तर आज..."

"मले ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "बस वं रोहिणी. पाय इकडे घे."

काकू पाय धुवायला खाली बसल्या. पाणी घालायला काकाजी पुढे झाले, तांब्या घेऊन. गळ्यापर्यंत बटण, कपाळावर घाम. त्यांनी धार धरली. काकू सुनेच्या घोट्यावरून हात फिरवत होत्या, हलक्या हातानं, न चोळता. काकाजी वाकले, चष्मा नाकावर ओढला आणि पोटऱ्यांकडे पाहायला लागले. आधी डावी, मग उजवी, मग परत डावी. दोन्ही सारख्या होत्या. तांब्यातलं पाणी संपलं. काकूंनी वर पाहिलं, रोहिणीनं वर पाहिलं, पंगतीत कुणीतरी खाकरलं. काकाजी रिकामा तांब्या तसाच तिरपा धरून वाकलेलेच होते.